विदीकूमची पश्चिमेची भिंत

हेडली एंडाकॉट कुणाकडेही गेला तरी घरातल्या माणसांची विचारपूस करायच्या आधी भिंतीला तळहात लावायचा. डॉक्टर पोराच्या कपाळाला लावतो तसा. मग म्हणायचा, "बरी आहे," किंवा नुसताच "हं" करायचा. त्याचा 'हं' ऐकला की घरधनी पैसे मोजायला बसायचा. इंग्लंडातल्या डेव्हनच्या आमच्या खोऱ्यात घरं मातीची. लाल माती, जवाचा पेंढा आणि पाणी, एवढ्यावर पाचपाचशे वर्षं उभी राहिलेली, दोन-दोन हात जाडीच्या भिंतींची. मातीच्या भिंतीला डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगले बूट असले की बाकी काही लागत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. टोपी म्हणजे गवताचं छप्पर आणि बूट म्हणजे दगडी जोतं. ही कामं करणारा खोऱ्यातला शेवटचा गवंडी हेडली. बाप गवंडी, आजा गवंडी. माणूस उंचीला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा, पण कामाला वाघ.

अशा माणसाने एका घरात मात्र पंधरा वर्षं भिंतीला हात लावला नाही. विदीकूमच्या शेतघरात, थर्झा लसकूमच्या स्वयंपाकघरात, तो पश्चिमेच्या भिंतीकडे पाठ करून बसायचा, चहा प्यायचा आणि निघायचा. थर्झाला वाटायचं, त्याला तीच खुर्ची आवडते.

खरं तर ते घर त्याला तोंडपाठ होतं. लहानपणी तो बापाबरोबर माळ्यावर चढला तेव्हा बापाने कंदील वर धरून त्याला वासे दाखवले होते. वासे आणि त्यांवरचं जुनं गवत काळंकुट्ट, हात लावला तर बोटं काळी. ही काजळी पाचशे वर्षांपूर्वीची. तेव्हा घराला ना धुराडं होतं ना माळा. एकच लांबलचक खोली, मधोमध जमिनीवर जाळ, आणि धूर छपरातून वाट काढत बाहेर जायचा. उताराच्या बाजूला, त्याच छपराखाली, त्याच दारातून आत येणारी गुरं. माणसं वरच्या अंगाला, गाई खालच्या अंगाला, मध्ये फक्त एक बोळ. आमच्याकडचे छप्परवाले तळाचं गवत उतरवत नाहीत, त्यावरच नवं चढवतात, म्हणून त्या पहिल्या जाळाची काजळी अजून जागच्या जागी आहे.

पुढे कुणा लसकूमला धुराचा कंटाळा आला आणि त्याने दगडी धुराडं बांधलं. धूर गेला तशी वरची पोकळी रिकामी झाली, तेव्हा त्याच्या नातवाने तिथे माळा टाकून झोपायच्या खोल्या काढल्या. थर्झा ज्या खोलीत झोपायची तिथे पूर्वी नुसता धूर राहायचा. मग घरच्या बायकांनी गुरांना बाहेर हाकललं आणि गोठ्याची दूधखोली आणि स्वयंपाकघर झालं, साय तापवायला तिथे चूल आली. पण शेणमूत वाहून नेणारी दगडी नाली फरशीखालून अजून पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर निघते. नंतर कधीतरी गव्हाला भाव आला आणि एका लसकूमला थाट सुचला. त्याने दर्शनी बाजूला मोठमोठ्या खिडक्या पाडल्या. एका ठिकाणी आत धुराडं आडवं आलं, तर तिथे बाहेरून खिडकी नुसती रंगवून वेळ मारून नेली. प्रत्येकाने आपल्यापुरतं घर बदललं, पण आधीच्याचं पुसून कुणी टाकलं नाही. हेडलीला या गोष्टीचं फार कौतुक. "हे घर कुणी बांधलेलं नाही," तो म्हणायचा, "हे वाढलेलं आहे."

या वाढीत शेवटची भर घातली ती हेडलीने, आणि तीच नेमकी घराच्या मुळावर आली.

साल एकोणीसशे त्रेपन्न. हेडली एकोणतिशीचा, लढाईत विमानांच्या धावपट्ट्या ओतून आलेला. सिमेंटवर त्याचा एवढा विश्वास बसला होता की चर्चमधल्या देवावरही नसेल. थर्झा तेव्हा नवी नवरी. तिचा नवरा रूबेन याला दरवर्षी शिडी लावून भिंतींना चुना फासायचा वैताग आला होता. पाऊस आमच्याकडे पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून निदान त्या बाजूला सिमेंटचा पक्का गिलावा करून टाक, असं त्याने हेडलीला सांगितलं. हेडलीला तेच हवं होतं. त्याचा बाप एलायजा बघायला आला, काठीवर टेकून बराच वेळ उभा राहिला.

"मेणकापडात गुंडाळतोयस तिला," म्हातारा म्हणाला. "तिनं श्वास कुठून घ्यायचा?"

"बाबा, श्वास माणसं घेतात. भिंती उभ्या राहतात."

"बरं," एलायजा म्हणाला आणि घरी गेला. लेकाचं काम बघायला तो पुन्हा कधी आला नाही. इकडे गिलावा असा गुळगुळीत झाला की रविवारी चर्चमधून परतणारी माणसं वाट वाकडी करून बघायला यायची. पाहता पाहता हेडलीला आणखी दहा घरांचं काम मिळालं.

सत्तर साली, त्याच दहांतल्या एका घराचं धान्याचं कोठार भरदुपारी बसलं. माणूस कुणी दगावलं नाही. हेडली बघायला गेला तेव्हा सिमेंटचं कवच बाहेरून शाबूत होतं आणि आतली भिंत दुधात बुडवलेल्या पावासारखी झाली होती. केसाएवढ्या चिरांतून पाणी आत जात होतं, आणि पूर्वी उन्हावाऱ्याने जे वाळून जायचं ते आता आतच साठत होतं. त्या दिवसापासून हेडलीने मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं नाही. नवीन कामं सगळी चुन्याची. पण ज्या घरांना लावून ठेवलं होतं त्यांना तो एका शब्दाने बोलला नाही. इथे त्याचं चुकलं, आणि त्याचं कितीही कौतुक असलं तरी हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पंच्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये विदीकूमच्या पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. थर्झाचा पंजा आत जाईल एवढा. रूबेन तीन वर्षांपूर्वी गेला होता, मुलगी लग्न होऊन दूर. घर आणि जमीन इस्टेटीची, लसकूम पिढ्यान्‌पिढ्या कुळं. इस्टेटीचे कारभारी मिस्टर फेनविक बूट चिखलातून जपत आले. थर्झाने हेडलीलाही बोलावलं होतं.

"मिसेस लसकूम, ही भिंत येत्या हिवाळ्यात पडणार," फेनविक म्हणाले. "त्यापेक्षा आपणच पाडू. हे टोक गेलं की उरलेलंही राहण्यासारखं राहणार नाही, पण इस्टेट तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. शहरात वयस्करांची नवी वसाहत आहे. नळाला चोवीस तास गरम पाणी."

"गरम पाणी माझ्या चुलीवर पण होतं की," थर्झा म्हणाली. "आणि वयस्कर कोण? मी पंचावन्नची आहे."

फेनविक भिंतीवर टकटक करत होते. आवाज भोपळ्यासारखा पोकळ येत होता. "मातीवर सिमेंट. कुठल्या गाढवानं केलं हे?"

थर्झाने हेडलीकडे पाहिलं आणि नजर वळवली. ती काही त्याला तोंडघशी पाडणार नव्हती.

"ते गाढव मीच, साहेब," हेडली म्हणाला. "मला मायकेलमसपर्यंत मुदत द्या. मी सिमेंट काढतो आणि मीच भिंत उभी करतो."

मायकेलमस सप्टेंबरच्या अखेरीस. कुळांचे करार आमच्याकडे त्याच दिवशी संपतात आणि त्याच दिवशी नवे होतात. फेनविक माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. त्यांनी काचेची एक पातळ पट्टी आणली, तड्याच्या वरच्या अंगाला थोडं सिमेंट खरवडून ती थेट मातीवर आडवी ठेवली, दोन्ही टोकं चुन्याने पक्की केली आणि त्यावर तारीख लिहिली. भिंत तसूभर जरी हलली तरी काच फुटणार. "मायकेलमसला मी येईन. काच अखंड असली आणि खालचा बुडखा घट्ट असला तर भिंत राहील. नाहीतर घर रिकामं."

गाडी वळणाआड गेली. हेडलीने टोपी काढून हातात घेतली.

"थर्झा, एक सांगायचं राहिलंय."

"सांग की. तूच गिलावा केलास ते मला माहिताय. चहा मीच आणून देत होते तुला."

"ते नाही. हे असं होणार, हे मला सत्तर सालीच कळलं होतं. ते कोठार बसलं तेव्हा."

थर्झाला उमगायला वेळ लागला. तिने बोटांवर वर्षं मोजली.

"पंधरा वर्षं?"

"पंधरा."

"दर हिवाळ्यात त्या भिंतीला बुरशी यायची. मी पुसायची आणि पुन्हा यायची. रूबेन तिला टेकून बसायचा आणि खोकायचा. शेवटची दोन वर्षं तर नुसता खोकलाच राहिला होता त्याच्यात. तू तिथेच बसून केक खात होतास, हेडली."

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटायची. म्हणून बोलवत नव्हतं."

"चालता हो," थर्झा म्हणाली. आवाज चढवलाही नाही तिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हेडली अंगणात हजर. ओकचे टेकू, कुदळ, छिन्नी, जुनी गोणपाटं, सगळं गाडीत घालून आणलेलं. थर्झाने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. पण हाकललं नाही. घर तिचं होतं, ते वाचवणारा दुसरा माणूस खोऱ्यात नव्हता, हे तिला कळत होतं. राग आपल्या जागी आणि भिंत आपल्या जागी.

सिमेंट सरसकट उखडता येत नाही. इतकी वर्षं भिजलेली भिंत त्या कवचाच्याच आधाराने उभी असते, कवच काढलं की पोटासकट खाली येते. हेडलीने आधी टेकू दिले, मग वरून खाली हातभर रुंदीची एकेक पट्टी सोलायला घेतली. आत उंदरांची बिळं, बिळांत सालोसालचं धान्य. दुपारी उन्हात भिंत उघडी ठेवायची, पाऊस दिसला की गोणपाट सोडायचं. भोवतालच्या अंगणावर रूबेनने काँक्रीट ओतून दगडी जोतं गाडून टाकलं होतं, तेही त्याने फोडून काढलं. "बूट चिखलात रुतवले बिचारीचे," तो स्वतःशीच पुटपुटायचा. अख्खा मे महिना त्याने भिंतीला नुसतं वाळू दिलं. बघणारे म्हणायचे, हेडली म्हातारा झाला, बसून राहतो. तो बसलेला नसायचा. मातीला घाई चालत नाही, आणि वाट बघणं हेही त्या कामातलंच एक काम आहे.

या सगळ्या दिवसांत थर्झा त्याच्याशी बोलली नाही. दहाला चहाचा पेला पायरीवर ठेवून आत जायची. पेला भरलेला असायचा, इतकंच.

जूनमध्ये माती कालवायची वेळ आली. माती कुठली घ्यायची हा प्रश्नच नव्हता. प्रत्येक जुन्या घराजवळ आमच्याकडे एक तळं असतं. घरासाठी माती काढली तो खड्डा, त्यात पाणी साठून झालेलं. विदीकूमच्या तळ्यात पाचशे वर्षं बदकं पोहत होती. हेडलीने त्याच्या काठची माती काढली, पेंढा पसरला, पाणी मारलं आणि गुडघ्यापर्यंत पाय उचलत एकटाच तुडवायला लागला. एकसष्टीचा माणूस. दोन दिवसांत त्याची कंबर धरली.

तिसऱ्या दिवशी थर्झा आपल्या तीन तांबड्या गाई घेऊन फाटकातून आत आली.

"माझ्या सासूचा सासरा गाईंकडून तुडवून घ्यायचा," ती गाईंकडे बघत म्हणाली. "तुझ्या दोन पायांनी मायकेलमस काय, नाताळ उजाडेल."

"शेण टाकतील त्यात."

"टाकू देत. तू कालवलंयस त्यापेक्षा बरंच असेल."

हेडली हसला नाही, कारण तीही हसली नव्हती. पण त्या दिवसापासून गाई रोज सकाळी गोल फिरायच्या आणि थर्झा काठी घेऊन त्यांच्या मागे.

कालवलेल्या मातीच्या मोठाल्या विटा पाडून त्याने तीन आठवडे वाळवल्या. मग खरं जोखमीचं काम. भिंतीचा कुजलेला बुडखा एकदम काढायचा नाही. दोन फूट काढायचा, तिथे वाळक्या विटा ठोकून बसवायच्या, चार दिवस थांबायचं, मग पलीकडचे दोन फूट. असे नऊ घास. आठ घास नीट गेले. नवव्याला, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, भिंतीने आतून खोल सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला. वरून मूठभर धूळ पडली. हेडली हातातलं सोडून मागे सरकला. टेकू टिकले. भिंत उभीच राहिली. त्याने वर पाहिलं तर काच मधोमध तडकलेली.

थर्झा आत दूधखोलीत होती, तिने आवाज ऐकला नव्हता. फेनविक यायला दोन महिने होते. काचेच्या पट्ट्या हेडलीच्या पेटीत डझनभर पडलेल्या, चुना हाताशी. तारीख टाकायला पेन्सिल पुरली असती. भिंत तर आता घट्ट बसलीच होती, हलायची ती हलून झाली होती. पायरीवर बसून त्याने हे सगळं मनाशी नीट घोळवलं. मग उठून तो दूधखोलीच्या दारात गेला.

"काच फुटली," तो म्हणाला.

थर्झाने सायीचं भांडं खाली ठेवलं. "कधी?"

"आत्ता. पाच मिनिटं झाली. फोन करतो फेनविकला."

"करायलाच पाहिजे का?"

"पाहिजे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "घर माझं जाणार, हेडली. तुझं नाही."

"माहिताय. तू नको म्हणालीस तर नाही करणार. पण तुला न सांगता नवी काच लावणार नव्हतो."

थर्झाने फडकं घेतलं. हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. शेवटी म्हणाली, "फोन ओसरीत आहे. नंबर वहीवर लिहिलाय."

फेनविक संध्याकाळी आले. काच पाहिली, बुडखा पाहिला, हेडलीकडे पाहिलं.

"हे तुम्ही मला कळवलंत," ते म्हणाले. "का?"

"फुटली म्हणून."

फेनविकनी नियमाप्रमाणे भिंत तिथेच नापास करायला हवी होती. त्यांनी खिशातून नवी पट्टी काढली आणि स्वतः लावली. "मुदत तीच. ही फुटली तर मात्र माझाही इलाज नाही." ऑगस्टभर पाऊस पडला. थर्झा दिवसातून चारदा शिडीवर चढून काच बघायची, हेडली दिवसातून चारदा तिला शिडीवरून उतरायला सांगायचा. एवढ्यावरून रोज भांडण व्हायचं, आणि दोघांनाही ते बरं वाटायचं.

मायकेलमसला फेनविक ओल मोजायचं दोन टोच्यांचं यंत्र घेऊन आले. भिंतीत टोचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अजून ओल आहे, एंडाकॉट."

"साहेब, बत्तीस वर्षं भिजलीय ती. एका उन्हाळ्यात कशी वाळेल? काच बघा. बुडखा बघा."

काच अखंड होती. बुडख्यावर फेनविकनी बुटाने लाथ मारली, मग खांदा लावून रेटलं, आणि साहेबाचा कोट लाल मातीने भरला. करारावर त्यांनी तिथेच, दूधखोलीच्या ओट्यावर सही केली. त्याच आठवड्यात हेडलीने भिंतीवर चुन्याचा पहिला पातळ हात मारला. पाचशे वर्षं घर जसं वाढत आलं होतं तसंच आता हेही त्यात जमा झालं. बुडख्याला हेडलीच्या नव्या विटा, वर त्याच्या खापरपणजोबांच्याही आधीची माती. कुठे एक संपतं आणि कुठे दुसरं सुरू होतं ते बोट ठेवून सांगता येत नाही. इतकं सुंदर काम आमच्या खोऱ्यात त्यानंतर झालेलं नाही.

उरलेल्या दहा घरांकडे तो त्याच हिवाळ्यात गेला. दार वाजवायचा आणि सांगायचा, तुमच्या भिंतीला मी सिमेंट लावलं, ते चूक होतं, वसंतात येऊन काढून देतो. सात जणांनी काढू दिलं. दोघांनी वेड्यात काढलं, त्यांपैकी एकाची भिंत पुढे पडली तेव्हा ढिगारा उपसायला हेडली सगळ्यांत आधी पोचला. एकाने कुत्रं सोडलं. चुका आपण सगळेच करतो. पण आपली चूक घरोघर जाऊन आपल्याच हाताने खरवडून काढणारा माणूस एकच पाहिला. या कामात त्याची बारा वर्षं गेली.

तो गेला तेव्हा चौऱ्याहत्तरचा होता. दफन झाल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत चहा होता. थर्झा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून रुमालाने डोळे पुसत होती. खोऱ्यात गोष्टी लपत नाहीत, त्या पंधरा वर्षांची गोष्टही सगळ्यांना ठाऊक झाली होती. शेजारच्या शेतावरची डोरकास तिच्याजवळ खुर्ची ओढून बसली.

"म्हणजे तू त्याला माफ केलं होतंस तर," डोरकास म्हणाली. "बरं केलंस गं."

"नाही," थर्झा म्हणाली. "त्यानं कधी मागितली नाही आणि मी कधी दिली नाही."

"मग रडतेस का?"

"रूबेन गेला तो त्याच्यामुळं आणि माझं घर राहिलं तेही त्याच्यामुळं. मी दोन्हीसाठी रडतेय. रडू दे मला."